या घरात तळण नाही

"ताई, आधी थेंब टाकून बघ. उगीच सगळं एकदम सोडशील नि तेल पिऊन बसतील ती."

"मला शिकवू नकोस. आईच्या हाताखाली मी होते. तू ओट्याखाली बसून साखर खात होतीस."

"म्हणून तर माझं लक्ष चांगलं होतं," धाकटी म्हणाली आणि खुदकन हसली.

मिस्त्रीणबाईंनी चमच्याच्या टोकावर पिठाचा थेंब घेऊन कढईत सोडला. थेंब तळाशी गेला, थोडा वेळ तिथेच रुसून बसला आणि मग आळसावल्यासारखा वर आला. अजून नाही. तेल तापायला वेळ होता.

ओट्यावर सगळी मांडामांड झाली होती. सफरचंदाच्या गोल चकत्या, मधोमध भोक पाडलेल्या. केळी उभी चिरलेली. अननसाच्या फोडी कोरड्या फडक्यावर पसरलेल्या, कारण फळ ओलं राहिलं की पीठ त्याला धरत नाही, तेलात सुटून पोहायला लागतं. वाडग्यात मैदा, थोडं मक्याचं पीठ, चिमूटभर मीठ. त्यात ओतायचं सोडावॉटर गार हवं म्हणून धाकटी ती बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून घेऊन आली होती. कढईही तिनेच आणली होती. कोरी करकरीत. तिच्या बुडाला चिकटवलेल्या किमतीच्या कागदाचा डिंक नीट निघाला नव्हता आणि तो आता आचेवर जळून एक कडवट वास सोडत होता.

मिस्त्रीणबाईंच्या घरात कढई नव्हती. कधीच नव्हती. पातेली होती, तवा होता, वाफवायची चाळणी होती, भाजायची मोठी भट्टीही होती. त्या स्वयंपाकघराच्या भिंती इतक्या वर्षांनीही पांढऱ्याफटक होत्या. लोकांच्या घरी चुलीमागच्या भिंतीला जो चिकट पिवळेपणा येतो, बोट लावलं तर बोट ओढून घेतो, तसा इथे डागसुद्धा नव्हता. पाहुण्या बायका कौतुक करायच्या. मिस्त्रीणबाई नुसत्या हसायच्या. त्या भिंतींसाठी आपण काय सोडलं, ते सांगत बसायची त्यांना सवय नव्हती.

सोडलं होतं ते हेच. त्यांच्या माहेरी त्याला नुसतं कुरकुरी म्हणत. बाकी काही नाव नव्हतं. फळ पिठात बुडवायचं, तळायचं, वर पिठीसाखर आणि दालचिनी भुरभुरायची. आई ते जेवणानंतर करायची, पण रोज नाही आणि ठरवूनही नाही. घरी आलेलं माणूस उठायच्या बेताला आलं, चपला शोधायला लागलं, की आई काही न बोलता आत जाऊन कढई ठेवायची. वास बाहेर गेला की माणूस आपोआप पुन्हा बसायचं. "निघतो निघतो" म्हणत दोन तास बसलेले लोक त्या घराने पाहिले होते. आई म्हणायची, मी कुणाला थांबा म्हणत नाही, माझी कढई म्हणते.

आणि आई उरलेलं गरम तेल सरळ सिंकमध्ये ओतायची, मागून किटलीतलं उकळतं पाणी. गरमाने गरम जातं, असा तिचा हिशेब. व्हायचं ते झालंच. एके दिवशी सिंक तुंबलं आणि ते मोकळं करायला एक सडपातळ तरुण आला, हातात बादली आणि खांद्यावर तारेचं वेटोळं. नुकताच धंद्यात पडलेला. पुढे सगळा भाग त्याला तुंबा मिस्त्री म्हणणार होता. तेव्हा तो नुसताच मिस्त्री होता, आणि मिस्त्रीणबाई नुसती घरातली मोठी मुलगी.

त्याने सिंकखालचा वाकडा पाइप सोडवला. बादलीत काहीतरी थप्पकन पडलं. मुलीने डोकावून पाहिलं आणि पदर नाकाला लावला. पांढरट, पिवळट, मेणासारखा गोळा, त्यात केस, भाताची शितं, सालं, आणि असा वास की जिभेच्या मागे जाऊन बसावा. तो मात्र कोपरापर्यंत हात घालून आणखी ओढत होता. ओठ घट्ट मिटलेले, मान वळवलेली. धंदा याच गोष्टीचा, आणि त्यालाही त्याची शिसारी येत होती, हे तिने तेव्हाच पाहिलं.

काम झालं, तो निघाला, आणि आईने सवयीने कढई ठेवली.

बशी घेऊन मुलगी बाहेर आली. सोनेरी चकत्या, वर साखर, कडेने सुटलेलं थोडं तेल. त्याने बशीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. एक चकती उचलली, खाल्ली, म्हणाला, "छान झालंय," आणि घाईघाईने निघून गेला. आई म्हणाली, "लाजरा आहे." लग्नानंतर खूप दिवसांनी मिस्त्रींनी सांगितलं, तुमच्या घरामागच्या भिंतीशी जाऊन ओकलो मी. सगळं.

"मग खाल्लंत कशाला?" मिस्त्रीणबाईंनी विचारलं होतं.

"तू बशी धरून उभी होतीस ना," ते म्हणाले. "आयुष्यात एकदाच खाल्लं. तेही तुझ्या तोंडाकडे बघून."

*

लग्नाच्या बोलण्यात मिस्त्रींनी एकच अट घातली होती. घर कसलं, दागिना कुठला, काही नाही. "घरात तळण नको," एवढंच. घरच्यांना हसू आलं. विशीतल्या मुलीला तर ती अट वाटलीच नाही. असं वाटलं की हा माणूस फार थोडं मागतोय.

किती मागितलं होतं ते पुढे कळत गेलं. कुणाच्या तरी खिडकीतून गरम तेलाचा गोड वास आला की कळायचं. लेक लहान असताना "त्यांच्या घरी करतात, आपल्याकडे का नाही?" म्हणून रडायची, तेव्हा कळायचं. एकदा बोलून पाहिलं होतं.

"अहो, थोडंसं. तुम्ही कामावर असताना. दारं-खिडक्या उघडून."

मिस्त्री जेवत होते. घास तसाच ठेवून म्हणाले, "आज एका घरी गेलो होतो. मोठं घर, पडदेबिडदे. पाइपातून माझ्या दंडाएवढी जाड कांडी निघाली. चरबीची. अख्खी. मधे एक भोक, पेन्सिल जाईल एवढं. त्यातून त्यांचं पाणी चाललं होतं. त्या कांडीत काय होतं सांगू?"

"नको."

"कवळी होती."

"अहो, जेवताना!"

"मग तूच काढलंस जेवताना," ते म्हणाले आणि उकडलेला बटाटा मीठ लावून खायला लागले. हसले नाहीत. वासाने घर ओळखायचे ते. नुसतं पाइपाशी नाक नेऊन सांगायचे, या घरात मासे फार होतात, या घरात म्हातारं माणूस आहे, या घरात नवरा-बायकोचं पटत नाही, दोघं वेगवेगळं शिजवतात. डॉक्टर माणसाचं पोट तपासतो, मी घराचं तपासतो, म्हणायचे. पण त्यात फुशारकी नव्हती. जाईल तिथे लोकांनी गिळलेलं, टाकलेलं, लपवलेलं हाताने बाहेर काढायचं, आणि वरून त्या लोकांनीच नाक मुरडून "हात लावू नका हं पडद्याला" म्हणायचं. घरी येऊन ते कुणाच्या नजरेला नजर न देता आधी मागच्या दारच्या गॅलरीतल्या नळाशी जात. तिथे धुण्याच्या सोड्याचा डबा, ब्रश आणि लिंबाच्या पिळलेल्या साली ठेवलेल्या असत. कोपरापर्यंत हात घासत. बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून. कातडी लाल होईपर्यंत.

तरी वास राहायचा. सोडा, लिंबू आणि त्याखाली शिळं तेल.

नव्या नवरीला तो सोसवत नसे. त्यांनी हात पुढे केला की तिचं अंग आपोआप आकसायचं. तिने कधी म्हटलं नाही, पण ते त्यांना कळलं, कारण पाइपाचं कळणाऱ्या माणसाला बायकोचं कळणारच. मग ते तिच्याशी बोलताना हात पाठीमागे बांधून उभे राहू लागले, शाळेतल्या मुलासारखे. तसे उभे राहिलेले मिस्त्री एक दिवस तिला दिसले. तिने मागे जाऊन ते हात सोडवले. किळस लगेच गेली असं नाही. पण हात सोडवायचे, एवढं तिने ठरवलं.

*

"ताई, झालं बघ. थेंब कसा नाचतोय."

थेंब खरंच पडल्या पडल्या वर आला होता आणि फसफसत गोल फिरत होता. धाकटीने सोडावॉटर ओतलं. पीठ फेसाळलं. मिस्त्रीणबाईंनी ते हलक्या हाताने कालवलं, फार नाही, गुठळ्या राहिल्या तरी चालतात. चकतीला कोरडा मैदा लावला, मग ती पिठात बुडवली.

बोटांना पीठ लागलं आणि त्या थबकल्या. गार, चिकट, थोडं ओढ धरणारं. आठवणीतलं पीठ असं नव्हतं. आठवणीत ते रेशमासारखं होतं. हे शेंबडासारखं होतं.

"काय झालं?"

"काही नाही. पातळ झालंय जरा."

"अगं, बरोबर आहे! सोड, सोड."

त्यांनी चकती सोडली. तेल चुर्रर्र करून उसळलं, आणि त्या आवाजाबरोबर धाकटीने टाळीच वाजवली. "आईचं घर आलं बाई!" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि तेवढ्यात ती फडक्यावरची अननसाची फोडही तोंडात टाकत होती.

हा सगळा बेत धाकटीचाच. मिस्त्री गेल्यापासून ती येऊन-जाऊन एकच म्हणत होती. "आता तरी कर ग. आता कोण बोलणार आहे तुला? जन्मभर मन मारलंस." मिस्त्रीणबाई आज करू, उद्या करू म्हणत होत्या. पण मनात त्यांनाही हवं होतं, खोटं कशाला बोला? एकदा, आपल्या घरात, आपल्या ओट्यावर, लपवाछपवी न करता तळायचं आणि गरमगरम खायचं. इतक्या वर्षांची ती एकच इच्छा शिल्लक होती. ती पुरी झाली की आपण मोकळ्या, असं त्यांना वाटत होतं.

कारण लपवून एकदा केलं होतं.

लेक तेव्हा शाळेत होती. मिस्त्री दूरच्या एका हॉटेलच्या कामावर दोन दिवस गेले होते. मिस्त्रीणबाईंनी शेजारणीची कढई आणली, दारं लावली, उभ्या उभ्या चार केळी तळली, आणि जीभ पोळत असताना, इकडे तिकडे बघत, चोरासारखी खाल्ली. चव कळलीच नाही. मग उरलं तेल. ते ठेवायचं कुठे? तुंबा मिस्त्रीच्या बायकोने, जिला तेलाचं सगळं पुराण पाठ होतं, बशीतल्या साखर-दालचिनीसकट ते तेल घाबरून सिंकमध्ये ओतलं आणि मागून किटलीभर उकळतं पाणी. आईसारखंच.

पुढे काही दिवसांनी सिंक तुंबलं. आपलं तर तुंबलंच, खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या मोरीतून घाण वर आली आणि तिच्या शिवायला आलेल्या कापडांपर्यंत गेली. शिंपीणबाई जिना चढून आली, आणि तिच्यामागे निम्मी इमारत. तुंबा मिस्त्रीच्याच घरी तुंबलं! याच्यापेक्षा मोठी करमणूक कुठली?

मिस्त्री खाली बसले. वाकडा पाइप सोडवला. गोळा हातात घेतला, नाकाशी नेला. मिस्त्रीणबाई दाराशी उभ्या होत्या. मिस्त्रींनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग गोळा बादलीत टाकला, वर फडकं झाकलं आणि लोकांकडे वळून म्हणाले, "माझंच चुकलं. पाइपाला उतार कमी दिला होता मी."

"घ्या! दुसऱ्यांचे उतार काढता आणि स्वतःच्या घरचा चुकवता?" शिंपीणबाई म्हणाली.

"चुकला खरा," मिस्त्री म्हणाले. तिचं कापड भरून दिलं. रात्री जेवले नाहीत. फक्त हात धुऊन आल्यावर, टॉवेलकडे बघत, एवढंच म्हणाले, "दालचिनी जरा जास्त झाली होती."

पुन्हा तो विषय निघाला नाही. पण मिस्त्रीचा उतार ही त्या भागातली कायमची चेष्टा झाली. कुणाचा मुलगा नापास झाला, कुणाचा धंदा बसला, की लोक म्हणायचे, उतार चुकला बहुतेक, मिस्त्रीसारखा. मिस्त्री स्वतःही हसायचे. नळकामाच्या माणसाने उतार चुकवणं म्हणजे शिंप्याने उलटी बाही लावणं. ते त्यांनी अंगावर घेतलं आणि मरेपर्यंत अंगावरून काढलं नाही.

*

ताटलीवर तारेची जाळी ठेवली होती. तिच्यावर चकत्या निथळत होत्या, जाळीखाली तेलाचे थेंब साचत होते. केळ्यांचे तुकडे, अननस, पुन्हा सफरचंद. फळाचं पाणी तेलात सुटून फेस येत होता, फेसात पिठाचे काळे कण फिरत होते. मिस्त्रीणबाईंना तो फेस बघवेना. त्यांनी झाऱ्याने कण काढले, तर झारा चिकट. झाऱ्याची दांडी चिकट. गॅसचं बटण चिकट. पांढऱ्या भिंतीवर बारीक बारीक ठिपके उडाले होते, आणि एक ठिपका ओघळायला लागला होता.

"भिंत पूस ग."

"पुसू नंतर. आधी खाऊन तर घे."

तेवढ्यात लेक आली. दारातूनच ओरडली, "आई! काय वास सुटलाय! जिन्यापर्यंत येतोय!"

"जिन्यापर्यंत?" मिस्त्रीणबाई दचकल्या.

"मग येऊ दे की! कुणाच्या बापाचं..." लेक बोलता बोलता थांबली, मग हसून आत आली, पर्स खुर्चीवर फेकली आणि जाळीवरची चकती उचलली. कुर्रर्र असा आवाज झाला. डोळे मिटले. "मावशी, हे काय आहे? हे तुम्ही लोक लहानपणी खायचात? आणि मला कधी दिलं नाही?"

"मला काय विचारतेस? तुझ्या आईला विचार. बापाला तर आता विचारायची सोय नाही," धाकटी म्हणाली. ती केळं खात होती. हनुवटीवर तेलाचा ओघळ, ओठांवर साखर, बोटं एकेक करून चोखत होती. मिस्त्रीणबाईंनी नजर फिरवली. सख्खी बहीण, पण तो चोखण्याचा आवाज त्यांना ऐकवेना.

"आई, तू घे ना. तू घेतलंच नाहीस."

"घेते."

"थांब, मी देते." लेकीने सगळ्यांत चांगली चकती निवडली, बशीत ठेवली, वर साखर भुरभुरली, दालचिनी घातली, आणि बशी दोन्ही हातांनी धरून आईपुढे उभी राहिली. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. आईला मिळालं, एकदाचं मिळालं, असा.

मिस्त्रीणबाईंनी चकती उचलली आणि दात लावला.

कवच फुटलं. ते चांगलं होतं, अगदी आईसारखं. पण आतलं सफरचंद गरम लगदा होऊन जिभेवर आलं आणि त्याच्यामागून तेल आलं. टाळूला पातळ थर बसला. जीभ फिरवावी तर थर जाईना. आणि मग तो वास आला. नाकाने नाही, घशातून. बादलीतला वास. ती मेणासारखी कांडी, तिच्यातले केस, कवळी, लोकांची शितं, सगळं त्यांच्या तोंडात होतं आणि ते गोड होतं. डोळ्यांत पाणी आलं. जगातली कुठलीही घाण इतकी घाण नसेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी हात तोंडाकडे नेला.

लेक बशी धरून तोंडाकडे बघत होती.

त्यांनी गिळलं. उरलेली चकतीही तोंडात घातली, चावली, तीही गिळली. हे कसं करायचं ते एका माणसाने त्यांना सांगून ठेवलं होतं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

"बघ! डोळ्यांत पाणी आलं तिच्या!" धाकटी म्हणाली. "एवढी वर्षं!"

"बाबांचं काय होतं ना," लेक म्हणाली. बशी खाली ठेवून ती दुसरी चकती घेत होती आणि आता तिचा आवाज चढला होता. "स्वतःची किळस दुसऱ्यावर लादायची. माझं लहानपण सगळं उकडलेलं. तू एक शब्द बोलली नाहीस. आणि एवढं करून काय, तर आपलंच सिंक तुंबलं! शाळेत मला पोरी उतार म्हणून हाक मारायच्या, माहितेय? जगाला शिकवायचं तेल टाकू नका, आणि स्वतःच्या घराचा उतार..."

"उतार बरोबर होता," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"काय?"

"त्यांचा उतार बरोबर होता. पाइपात माझं तेल होतं. मी तळलं होतं, मी ओतलं होतं. त्यांनी वास घेऊन ओळखलं, आणि लोकांपुढे म्हणाले माझं चुकलं."

गॅस बंद केलेली कढई हळूहळू टकटक वाजत निवत होती. लेकीच्या हातातली चकती तशीच राहिली.

"मला कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"त्यांनी मलाही कधी म्हणून दाखवलं नाही. मग मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

धाकटीला अवघडलेली शांतता कधीच सहन होत नसे. "चला, मी आवरते," म्हणत ती उठली, फडक्याने कढईचे कान धरले आणि सिंककडे वळली. "किटली ठेव ग गॅसवर. गरमाने गरम..."

"थांब!"

असा आवाज त्या घराने मिस्त्रीणबाईंचा ऐकला नव्हता. त्यांनी धाकटीचं मनगट पकडलं होतं. तेल कढईच्या काठापर्यंत आलं, लवलं आणि परत गेलं.

"अगं, भाजले असते मी!"

"खाली ठेव. निवू दे."

"एवढंसं तर तेल आहे, ताई."

"एवढंसंच असतं. निवू दे म्हटलं ना."

धाकटीने कढई ओट्यावर ठेवली. मनगट चोळत ती बहिणीकडे बघत राहिली, आणि मग थोडं हसून, थोडं घाबरून म्हणाली, "अगदी भाऊजींसारखी ओरडलीस."

*

त्या दोघी निघायला उठल्या तेव्हा जाळीवर चार-पाच चकत्या शिल्लक होत्या. त्या मऊ पडल्या होत्या, ओल्या पुठ्ठ्यासारख्या. लेकीने त्या बांधून नेल्या नाहीत. दारात ती थोडी रेंगाळली. आईच्या खांद्यावर कपाळ टेकवून म्हणाली, "बाबांच्या वस्तूंतलं काही उरलंय का ग? मी सगळेच कपडे धुऊन देऊन टाकले त्या वेळी."

"कपडे नाहीत. नळापाशी त्यांचा डबा आहे."

"तो काय करायचाय," लेक म्हणाली, आणि मग स्वतःशीच मान हलवून, "राहू दे तिथेच," म्हणाली.

आईची कढई उठलेल्या माणसाला बसवायची. इथे बसवायचं होतं ते माणूस आधीच उठून गेलं होतं, न खाता.

मिस्त्रीणबाईंनी बोट बुडवून पाहिलं. तेल निवलं होतं. रिकाम्या डब्यावर गाळणं धरून त्यांनी ते ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि झाकण घट्ट लावलं. मग जुना कागद घेऊन कढई आतून पुसली. एक कागद, दुसरा, तिसरा. भांडं आधी कागदाला दाखवायचं, मग पाण्याला, असं मिस्त्री म्हणायचे. कागद कोरा निघेपर्यंत त्यांनी पुसलं. जाळी पुसली, झारा पुसला. स्टुलावर चढून भिंतीवरचे ठिपके पुसले. उरलेल्या चकत्या कागदात गुंडाळून टाकल्या. एकदा त्या ओकायला वाकल्याही, पण काही पडलं नाही.

मग त्या मागच्या दारी नळाशी गेल्या. संध्याकाळचं ऊन अजून भिंतीवर होतं. डबा जागेवर होता, ब्रश खिळ्याला टांगलेला, लिंबाची एक साल वाळून चामड्यासारखी झालेली. बाह्या कोपरापर्यंत वर सारून त्यांनी सोडा घेतला आणि हात घासायला लागल्या. बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून. ती वाळकी सालही पाण्यात भिजवून चोळली. कातडी लाल झाली. चुरचुरायला लागली.

त्यांनी नळ बंद केला आणि हात नाकाशी नेला.

सोडा. लिंबू. त्याखाली तेल.

लेकीने सगळे कपडे धुतले होते. टॉवेल, उशी, चादरी, काही ठेवलं नव्हतं. मिस्त्रीणबाईंनी कपाटात डोकं घालून हाच वास शोधला होता, मिस्त्रींच्या हत्यारांच्या पिशवीतही शोधला होता. तिथे नुसता लोखंडाचा वास होता.

त्यांनी आणखी सोडा घ्यायला डबा उचलला होता. तो तसाच धरून त्यांनी दुसरा हात पुन्हा एकदा नाकाशी नेला. मग झाकण लावलं आणि डबा जिथल्या तिथे ठेवून दिला.